शेवाळाची बाटली राहू द्या, आधी विहिरीचं पाणी तपासा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पावस गावाजवळ घर, विहिरीचं पाणी, माशांची चार फुटी टाकी. सहा महिन्यांपूर्वी रत्नागिरीतून अठरा आफ्रिकन सिक्लिड मासे आणले, बहुतेक पिवळे लॅब आणि थोडे निळे झेब्रा. मार्चपासून काचा नि दगड हिरवे झाले, आता पाणीच कैरीच्या पन्ह्यासारखं दिसतंय. मासे दगडाला अंग घासतात, दोन गेले. दुकानदाराने शेवाळ मारायची बाटली दिलीय, ती टाकू का? आणि शेपटाला एक प्रश्न: खाडीतला काळुंदर मासा शेवाळ खातो म्हणतात, तो यात सोडला तर?

बाटली टाकू नका. काळुंदराचं शेवटी सांगतो. मधलं जरा सविस्तर लिहितोय, कारण तुमचे मासे शेवाळाने मरत नाहीयेत. मला तर उलट वाटतं, ते हिरवं पाणीच उरलेल्या सोळा जणांना जगवतंय.

मी देवगड तालुक्यातला. बावीस-तेवीस वर्षं सिक्लिड पाळतोय आणि त्यातली पहिली तीन दर रविवारी टाकी घासण्यात घालवली. आपल्याकडचं पाणी जांभ्यातून झिरपतं. पावसाने धुऊन धुऊन त्या दगडात लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं राहिलंय, चुना जवळजवळ नाहीच. म्हणून तर आपल्या विहिरीचं पाणी गोड लागतं, साबणाला फेस येतो, डाळ पटकन शिजते. माझ्या विहिरीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) साठच्या आसपास, पीएच ६.४, आणि केएच (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) एक किंवा दोन. पाण्याची मशीन विकायला आलेला मुलगा पेन बुडवून म्हणाला, ‘काका, एक नंबर पाणी.’ माणसाला एक नंबर, बरोबर. मलावीच्या माशाला नव्हे.

तुमचे लॅब आणि झेब्रा मूळचे पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे. हे सरोवर साधारण ५८० किलोमीटर लांब, म्हणजे शाळेत पाठ केलेल्या आपल्या ७२० किलोमीटरच्या किनाऱ्यापेक्षा थोडंच कमी, आणि ७०० मीटरपेक्षा खोल. एवढ्या पाण्यात काही चटकन बदलत नाही. पीएच ७.८ ते ८.६, आणि केएच सहा-आठ. लोक समजतात तेवढं ते पाणी जड नाही, पण पीएच धरून ठेवणारं आहे. धरून ठेवणारा तो केएच. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि या कामात आम्ल तयार होतं. ते आम्ल केएच झेलतो. तुमच्याकडे केएचची पुंजीच दोनची. सहा महिन्यांत ती खर्ची पडली असणार, मग पीएच घसरतो, आणि सहाच्या आसपास पोचला की फिल्टरचे जीवाणू काम जवळजवळ थांबवतात. अमोनिया साठत जातो.

तरीही मासे पटापट मरत नाहीत, आणि फसगत होते ती इथेच. पीएच कमी असला की अमोनिया बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, आणि ते फारसं विषारी नाही. २८ अंश तापमानाला पीएच ६.२ असेल तर हजारातला जेमतेम एक भाग विषारी. तेच पाणी ८.२ वर गेलं की दहातला एक. टाकी तीच, अमोनिया तेवढाच, विष नव्वद पट. म्हणजे आज कुणी तुम्हाला ‘पीएच कमी आहे, मूठभर सोडा टाक’ म्हणालं आणि तुम्ही टाकलात, तर संध्याकाळपर्यंत सगळे आडवे. हे मी वाचून सांगत नाही. अकरा मासे होते माझे.

आता हिरवं पाणी काय करतंय बघा. ते हिरवं म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, आणि त्याला अमोनियम फार आवडतं. फिल्टरने सोडलेलं काम ते उचलतंय. त्यावर औषध टाकलंत की ते एका रात्रीत मरणार, खाल्लेलं परत पाण्यात सोडणार, कुजताना प्राणवायूही ओढणार. त्यात अशा अनेक बाटल्यांत तांबं असतं, आणि तांब्याचा त्रास माशांना मऊ, म्हणजे कमी चुन्याच्या, पाण्यात जास्त होतो. तीन-तीन माऱ्यांची एकच बाटली ती.

एक गोष्ट मला तुमच्याकडून हवी होती. मासे अंग कधी घासतात? सकाळी की दुपारनंतर? शेवाळ उजेडात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच वर चढतो. केएच नसलेल्या पाण्यात त्याला लगाम नसतो. सकाळी सहाला ६.३ आणि दुपारी चारला साडेआठ असं मी स्वतः मोजलंय, पश्चिमेच्या खिडकीतल्या टाकीत. मग दुपारी तेच अमोनियम विषारी होतं, माशांच्या अंगाची आग होते आणि ते दगड शोधतात. तेव्हा पाणी तपासायच्या पट्ट्या नकोत, थेंबांचं किट आणा. दोन वेळा पीएच मोजा, एकदा केएच आणि अमोनिया.

कामाचा क्रम असा ठेवा. आज खाणं बंद, चार दिवस. घाबरू नका, चार दिवसांच्या उपासाने सिक्लिड मरत नाही, आपल्याकडे लोक चातुर्मास करतात. एअर पंप रात्रंदिवस चालू. मग एक दिवसाआड टाकीतलं पाव पाणी बदलायचं. पहिल्या दोन वेळा विहिरीचं साधं पाणी, त्यात काही मिसळायचं नाही, कारण आधी अमोनिया खाली आणायचाय. किट शून्याच्या जवळ दाखवू लागलं की नव्या पाण्यात सोडा सुरू.

सोडा म्हणजे खायचा सोडा. धुण्याचा नव्हे, बेकिंग पावडर तर नव्हेच. १०० लिटरला ६ ग्रॅम टाकला की केएच सुमारे दोनने वाढतो. चमच्याने नका मोजू, वजनकाटा घ्या, छोटा शंभर-दोनशे ग्रॅमचा मिळतो. निळ्या पिंपात आदल्या रात्री पाणी भरायचं, सोडा विरघळवून टाकायचा, एअर स्टोन सोडून ठेवायचा. पहिल्या पिंपाला शंभर लिटरमागे सहा ग्रॅम, पुढच्याला बारा, त्यापुढे चोवीसपर्यंत. टाकीचा केएच आठ-दहावर यायला दोन-तीन आठवडे लागू देत. पीएच दिवसाला ०.२ पेक्षा जास्त हलता कामा नये.

सोड्यात कॅल्शियम नाही. त्यासाठी दुकानातला कोरलचा चुरा कशाला, आपल्या घरी तिसऱ्या होतातच. कालवणानंतर शिंपल्या उकळायच्या, कडक उन्हात आठवडाभर टाकायच्या, हातोडीने फोडायच्या आणि कांद्याच्या जाळीत भरून फिल्टरमध्ये ठेवायच्या. तुमच्या टाकीला किलो-दीड किलो पुरे. त्या सावकाश विरघळतात, पीएच खाली जाऊ लागला की जास्त, वर असला की कमी. दर आठवड्याला बोटाने चोळून धुवायच्या, नाहीतर वर बुळबुळीत थर चढतो आणि त्या नुसत्या शिंपल्या राहतात. किनाऱ्यावरून पोवळ्याचे तुकडे मात्र उचलू नका. ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि मालवणकडे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे तर बघायलाच नको.

तुरटीबद्दलही लिहून ठेवतो, कारण पावसाळ्यात गढूळ पाण्यात घरोघरी ती फिरवतात. पिण्याच्या हंड्यात फिरवा. तुरटी केएच खाते. माशांसाठी भरलेल्या पिंपात आईने मायेने तुरटी फिरवली आणि मी तीन दिवस सोड्याचा हिशेब का चुकतोय म्हणून डोकं खाजवत बसलो होतो.

टीसीएल पावडरचं (क्लोरीनची जंतुनाशक पूड) त्याहून वाईट. पावसाळ्यात विहिरीत ती टाकतात, टाकायलाच हवी, पण टाकली हे आपल्याला कळतंच असं नाही. एका जुलैत सकाळी मी नेहमीसारखं पाणी काढून थेट टाकीत सोडलं. दहा मिनिटांत मासे पृष्ठभागाला येऊन तोंड उघडझाप करायला लागले. मग हंड्याला नाक लावलं तेव्हा वास आला. तेव्हापासून जून ते सप्टेंबर एकही बादली थेट जात नाही. पिंपात दोन दिवस हवा मारून, नाहीतर क्लोरीन मारणारे हायपोचे खडे टाकून मगच.

आता टाकी आणि उजेड. तुम्ही लिहिलंय, टाकी पडवीत, लोखंडी स्टँडवर. दोन्ही बदला. चार बाय दीड बाय दीड फूट म्हणजे २५५ लिटर, दगड-काच धरून तीन-साडेतीनशे किलो. खारी हवा दोन पावसाळ्यांत स्टँडच्या जोडावर पापुद्रे काढते. गवंड्याला सांगून चिऱ्यांचा कट्टा बांधून घ्या, वर कडप्पा, त्यावर थर्मोकोलची शीट. पाणसळ लावून बघा, कट्टा दिसायला सरळ असतो. जागा आतल्या खोलीत, जिथे ऊन काचेला लागणार नाही. पडवीतल्या तिरप्या उन्हाने दोन तासांत जे शेवाळ वाढतं ते दिव्याने आठ तासांत वाढत नाही. दिवा टायमरवर, दिवसाला सात तास. सिक्लिडला दिवा लागत नाही, तो आपल्याला लागतो.

आत जांभा घालू नका. झिजतो, लाल गाळ करतो आणि केएचला त्याचा काडीचाही उपयोग नाही. काळा कातळ उत्तम. मोठे दगड थेट काचेच्या तळावर बसवायचे, खाली थर्मोकोलची पातळ पट्टी, आणि वाळू नंतर ओतायची. आधी वाळू आणि वर दगड केलंत तर मासे खालून उकरतात आणि रात्री कधीतरी धाडकन आवाज येतो. फटी भरपूर ठेवा, कारण हे मासे भांडकुदळ; एका नरामागे तीन-चार माद्या आणि लपायला जागा असली की मार वाटला जातो. फिल्टर तासाला दीड-दोन हजार लिटर फिरवणारा. हीटर आपल्याकडे कपाटातच राहतो. मे महिन्यात पाणी ३१-३२ वर जातं तेव्हा लोक पंखा लावायला सांगतात. घाटावर त्याने तीन-चार अंश उतरत असतील, आपल्या दमट हवेत अंशभर उतरलं तरी नशीब. त्यापेक्षा हवा जास्त सोडा.

हिरव्या पाण्याचा बंदोबस्त पाणी सुधारल्यावर करायचा, आधी नाही. अमोनिया शून्य, केएच सहाच्या वर, फिल्टर धड चालतोय, हे झालं की टाकीला चारी बाजूंनी गोधडी गुंडाळायची. चार दिवस. मध्ये डोकावायचं नाही, खाणं नाही, हवा पूर्ण वेगाने. पाचव्या दिवशी पाणी पातळ ताकासारखं दिसेल, मेलेलं शेवाळ असतं ते. अर्धं पाणी बदला, फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा, नळाखाली नको. दोन दिवसांनी पुन्हा पाव. टाकी उन्हातून हलवली असेल तर ते सहसा परत येत नाही.

नव्या टाकीत पहिले दोन महिने तपकिरी भुकटी बसते, ती बोटाने जाते आणि आपोआप थांबते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. वाळूवर निळसर-हिरवी चादर पसरली आणि तिला कुबट वास आला तर ते शेवाळच नाही, जीवाणू आहेत. नळीने ओढून काढा आणि साचलेल्या कोपऱ्यात प्रवाह वाढवा. फिल्टरच्या तोंडाशी काळे केसाळ झुबके आले तर तो भाग काढून उन्हात वाळवा.

राहिलं ते दगडावरचं हिरवं. हे काढायचंच नाही. पुढची काच ब्लेडने साफ करा, म्हणजे मासे दिसतील. बाजूच्या काचा मनात आलं तर. मागची काच आणि दगड तसेच. हे मासे ज्या गटातले त्यांना मबुना म्हणतात, सरोवराकाठच्या टोंगा लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ खडकातला मासा. त्यांतल्या बहुतेकांचं पोट दगडावरच्या शेवाळावर आणि त्यातल्या बारीक जीवांवर. तुमचा झेब्रा नीट बघा. तो दगडासमोर जवळजवळ काटकोनात उभा राहतो, तोंड सपाट टेकवतो, कंगवा फिरवल्यासारखं दोन-तीनदा खरवडतो आणि अर्धा वीत सरकतो. दगडावर पुसट ठिपके उमटत जातात. माझ्या रविवारच्या घासकामाला आई एकदा वैतागून म्हणाली होती, ‘सगळा घासून काढलंस, मग माशांनी खावचा काय?’ ती पाण्याच्या बादल्या ओटीवर सांडतात म्हणून चिडली होती, पण बरोबर बोलली.

लांब आतड्याच्या या माशांना तुम्ही लाल अळ्या घालताय, ते बंद करा. पोट फुगून मरतात. स्पिरुलिनाचे दाणे, सोललेला उकडलेला वाटाणा, कधी पालकाचं पान. दिवसातून एकदा, मिनिटभरात संपेल तेवढं, आणि आठवड्यातून एक दिवस काही नाही. दाणे कमी झाले की शेवाळाचंही अर्धं खाणं बंद होतं, कारण त्याला लागणारं नायट्रेट-फॉस्फेट त्या डब्यातूनच येतं. एखादी पिवळी मादी खातच नसेल आणि तिची हनुवटी पिशवीसारखी खाली आली असेल तर आजार समजू नका. तोंडात अंडी आहेत. तीन आठवडे ती अशीच राहील, तिला जाळीने पकडायला जाऊ नका.

वीज. हे आपल्याकडे वेगळं सांगायला हवं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्याकडे पाच दिवस अंधार होता. इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप ठेवला, तीन-चार वॅटचा, म्हणून मासे वाचले. चूक झाली ती वीज आल्यावर. बंद पडलेल्या फिल्टरमध्ये जीवाणू गुदमरून मरतात आणि आतलं पाणी सडतं. मी आनंदाने बटण दाबलं आणि ती सगळी घाण टाकीत. दोन-चार तासांपेक्षा जास्त वीज गेली तर फिल्टर उघडून धुवायचा, मगच चालू करायचा.

आता काळुंदर. तोही सिक्लिडच. भारतात या कुळाच्या मूळच्या जाती तीनच, त्यात हा सगळ्यांत मोठा. शास्त्रीय नावात सुरत आहे, केरळने त्याला राज्यमासा केलाय (आपण २०२३ मध्ये पापलेट निवडलं). शेवाळ खातो हे खरं. पण तुमच्या टाकीत नको. तो मचूळ पाण्यात रमणारा, वीतभर सहज होतो, पाण्यातली घाण मबुनांइतकीही सोसत नाही, आणि खाडीतून येताना अंगावर काय घेऊन येईल सांगता येत नाही. मबुना त्याचे पंख कुरतडतील ते वेगळंच. दुकानात शेवाळ खातो म्हणून मिळणारा सकरही नको. तो पुढे फूटभर होतो, लोक कंटाळून वहाळात सोडतात, आणि देशातल्या अनेक नद्यांत त्याने असंच घर केलंय.

देशी सिक्लिडची हौस असेल तर काळुंदराचा धाकटा भाऊ, तो नारिंगी-पिवळा, जेमतेम तीन-चार इंचाचा, ऑरेंज क्रोमाइड म्हणून दुकानात मिळतो. त्याला वेगळी तीन फुटी टाकी द्या, थोडं मीठ घातलेलं पाणी, सहा-सात जण एकत्र. त्यांतून एक जोडी ठरते, दगडावर अंडी घालते, आणि दोघंही पंखांनी वारा घालत बसतात. पिल्लं पोहू लागली की आईबापांच्या अंगाला चिकटून त्यांच्या त्वचेवरचा चिकट थर टिपून खातात. माझ्याकडच्या नराच्या बाजूवर एकदा साठ-सत्तर पिल्लं होती आणि तो हलत नव्हता.

तुमचे चार आकडे पाठवा: सकाळचा पीएच, दुपारचा पीएच, केएच, अमोनिया. सोड्याचा हिशेब मग तुमच्या टाकीप्रमाणे करून देतो. तोवर ती बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा.